भिंगाच्या काठावरची खूण

भालेराव काका कुणाच्याही घरी गेले, की बूट काढायच्या आधी विचारतात, "बेसमेंटमध्ये काय काय आहे?" चहापाणी नंतर. अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावात नवीन आलेली मंडळी दचकतात. आम्हा जुन्यांना ठाऊक आहे, की काकांना जुना कॅमेरा हवा असतो. तोही जपानी, आणि तोही असा, की ज्याच्या कंपनीचं नाव खुद्द जपानातही कुणाला आठवत नसेल. नावाजलेल्या कंपनीचा कॅमेरा पुढे केला तर काका नमस्कार करून तो परत देतात. "याला सांभाळायला जग आहे," म्हणतात.

काका मोटारींच्या कंपनीतले रिटायर्ड इंजिनिअर. आयुष्यभर मोटारी बनवल्या, पण फ्रीवेवर ड्राइव्ह करायला घाबरतात. त्यामुळे दर शनिवारी त्यांना एस्टेट सेलला नेते मी. इकडे कुणी म्हातारं माणूस गेलं, की अख्खं घर विकायला मांडतात, तिथे काका बशा-फर्निचर ओलांडून थेट तळघरात उतरतात. मी नागपूरची, आयटीत टेस्टिंग करते, आणि मला धूळ म्हणून बघवत नाही. पर्समध्ये ओले वाइप्स कायम असतात. हे आधीच सांगून ठेवते.

पण माणूस काय आहे हो! एकदा एका तळघरात डोळे मिटून एका ठोकळ्यासारख्या कॅमेऱ्यावरून बोटं फिरवली आणि मागच्या स्क्रूवरून सांगितलं, की हा अमक्याचा नाही, त्याच्या शेजाऱ्याचा. युद्धानंतर टोकियोच्या गल्ल्यांत म्हणे घरोघरी हे उद्योग चालायचे. भिंग एका घरात घासायचं, शटर दुसऱ्या घरात, चामडं तिसऱ्या घरात चिकटवायचं, आणि चौथा सगळं जोडून वर झोकात इंग्रजी नाव घालायचा. कंपन्या इतक्या झाल्या, की नावांना एबीसीडी पुरेना. दोन-चार वर्षांत बहुतेक गायब. मी त्या तळघरात आ वासून उभी होते. जी माणसं कुणाच्या खिजगणतीत नाहीत, ती काकांना शेजारपाजारासारखी माहीत होती.

काका फोटो मात्र कधीच काढत नाहीत. कॅमेरा उघडतात, भिंगाच्या काचा सुट्या करतात आणि मॅग्निफायर लावून प्रत्येकीचा काठ बघतात. काय शोधता, असं मी शंभरदा विचारलं. "सापडलं की सांगेन." मग वहीत त्या कॅमेऱ्याचं एक पान. शेवटची ओळ ठरलेली: भिंग घासणारा, माहीत नाही.

गेल्या ऑक्टोबरमध्ये असाच एक कॅमेरा मिळाला आणि काकांना घरापर्यंत दम निघेना. माझ्याच किचन टेबलावर उघडला. एका काचेच्या काठाला नेहमीचा काळा रंग द्यायचा राहिला होता. काकांनी ती माझ्या हातात दिली. "मेघा, धर जरा. मॅग्निफायर गाडीत राहिला," म्हणून ते सपाता न घालताच बाहेर पळाले.

मी काच धरली. काठावर करडा डाग होता, रेघोट्या मारल्यासारखा. आता डाग दिसल्यावर माझे हात थांबतात थोडेच! वाइप काढला आणि चकाचक केली.

काका आले. काच मॅग्निफायरखाली फिरवली, पुन्हा फिरवली. "पुसलीस?" मी मोठ्या ऐटीत हो म्हटलं. ते मटकन खुर्चीत बसले.

मग त्यांनी सांगितलं. काकांचे वडील पुण्यात एका वर्कशॉपमध्ये दुर्बिणींची भिंगं घासायचे. जन्मभर. दुर्बिणीवर नाव दुसऱ्याचं. घासणारा काठावर पेन्सिलीनं आपली खूण करायचा, मग तिच्यावर काळा रंग बसायचा. "बाबा म्हणायचे, नाव मालकाचं, काठ माझा. त्यांची भिंगं इकडे कुठली यायला? ही जपानी आली, म्हणून ही बघतो. आज पहिल्यांदा एक खूण दिसली होती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी रडायलाच लागले. काकांनी वही माझ्यापुढे सरकवली. "रडू नकोस. मला नुसता डाग दिसला. नीट पाहिलीस ती तूच. काढ."

मी आठवून आठवून काढलं. एक आकडी, तिच्याखाली दोन रेघा. कुठली रेघ लांब, काकांनी विचारलं. खालची. त्यांनी बराच वेळ ते बघितलं आणि लिहिलं: भिंग घासणारा, माहीत नाही. खूण होती. मेघानं पाहिली. खाली माझी सही घेतली.

ते काचा परत बसवत होते, तेव्हा मी वहीचं पहिलं पान उघडलं. तिथं कॅमेरा नव्हताच. पुणे. भिंग घासणारा: गोविंद भालेराव. खूण: आणि पुढे कोरं.

"हे राहिलंय, काका."

"मी कधी पाहिलीच नाही गं," ते मान वर न करता म्हणाले. "त्यांना विचारायचं राहिलं."

हल्ली शनिवारी मी पर्स गाडीतच ठेवते. काका कॅमेरे शोधतात, आणि मी दुर्बिणी.