थावरूकाकांची एक घंटी

उन्हाळ्यात बाराच्या ठोक्याला थावरूकाका खिशातून सायकलची घंटी काढायचे आणि एकदाच वाजवायचे. "पडाव!" मग समोर वरात असो की सरपंचांचं भाषण, सगळं थांबलंच पाहिजे. एकदा तर त्यांनी नवरदेवाला घोड्यावरून उतरवून लिंबाखाली बसवलं होतं. बँडवाले खूश, घोडा खूश, मुहूर्त तेवढा टळला.

काका एसटीतले रिटायर कंडक्टर. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. 'पडाव' मात्र त्यांच्या आज्याचा. "आमचा आजा बैलाईवर मीठ लादून मुलूख फिरला, मास्तर. पण भर दुपारी तांडा चालवला नाई त्यानं. बैलाची कीव होती, माणसाची काहून नाई?"

बोरी अरबजवळच्या त्यांच्या तांड्यावर मी शाळामास्तर होतो. बदली होऊन आता यवतमाळला आलो, तरी बारा वाजले की माझे कान टवकारतात. शाळेचं थर्मामीटर काकांनी कधीच पळवलं होतं. ते पत्र्याखाली टांग, डांबरावर ठेव, लिंबाच्या फांदीला लटकव, हे त्यांचं संशोधन. मग मजुरीला निघालेल्या बाया अडवून शिकवणी सुरू. "साहेब म्हणते, ऊन सगळ्याईवर सारखंच पडते. त्याच्या घरी कूलर, माह्या याडीच्या डोक्शावर टोपलं. सारखं कसं?" याडी म्हणजे आई. बाया हसायच्या, पण ऐकायच्या.

त्यांचा हट्ट एकच, तांड्याच्या फाट्यावर सावली. गावच्या थांब्याला पक्का निवारा होता, आमच्या फाट्यावर नुसता मैलाचा दगड. बाजाराला निघालेल्या बाया तिथं दुपारभर एसटीची वाट बघत भाजून निघायच्या. काकांनी अर्जांवर अर्ज केले, पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा कुठे एकदाचा निवारा उभा राहिला. तोही पत्र्याचा! वर छप्पर कसलं, भाकरीचा तवाच तो.

उद्घाटनाला पंचायत समितीचे साहेब आले ते भर दुपारी. हार घालून झाला आणि काकांनी घंटी वाजवली.

"साहेब, पडाव! दोन घंट्या होईपर्यंत कोणी उठायचं नाई."

साहेबांना गंमत वाटली. काकांनी त्यांच्या हातात थर्मामीटर दिलं. थोड्या वेळाने साहेबांनी रुमाल काढला, मग हार काढला, मग कॉलरचं बटण. बाया पदराआड खुसखुसत होत्या.

"काका, मारा हो आता दोन!"

"आधी छपराचं बोला."

छप्पर उंच करून त्यावर जाड थर देण्याचं कबूल झालं, तेव्हा साहेबांची सुटका झाली. पण बायांना कुठला दम? दुसऱ्याच दिवशी त्यांनी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या भारेच्या भारे आणून पत्र्यावर अंथरल्या. खाली बसल्यावर जीव गार झाला. सगळे दाटीवाटीने बसले. काका तेवढे मैलाच्या दगडापाशी उन्हात उभे.

"काका, पडाव तुमचाच ना?" मी ओरडलो.

मी जवळ गेलो, तेव्हा काका हळूच म्हणाले, "जमनी इथंच उभी राहे, मास्तर. बाराले माही गाडी जाये इथून. वावरातून धावत डबा घेऊन ये ते. मी दारातूनच डबा घेतला का लगेच दोन घंट्या. गाडीले लेट नाई झाली पाह्यजे ना! जराशी सावलीत टेक, असं म्हणायले सावली तरी कुठं होती?"

जमनाकाकी मी तिथं रुजू होण्याआधीच गेल्या होत्या. त्यांचं नाव काकांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

काकांनी खिशातून घंटी काढली. एकदाच वाजवली.

"चाल, जमने, सावलीत," ते म्हणाले, आणि निवाऱ्यात आले. बाकावर मला जरा पलीकडे सरकायला लावून, मध्ये एका माणसाची जागा सोडून बसले.