टाकीवरचा बॅनर

मोहरीलकाका माणसाची पारख फोटोवरून करतात. पाच एमबीचा फोटो देणारा जोशी सज्जन, आणि व्हॉट्सॲपवर आलेलाच पुढे ढकलणारा सक्सेना वाया गेलेला.

काका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात. आमच्या टाउनशिपच्या गणपतीचा बॅनर तेच कॉम्प्युटरवर, कोरल नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवतात. पहिल्या वर्षी त्यांनी भिंतीएवढा बॅनर कॉम्प्युटरवरही भिंतीएवढाच काढला, वर रेझोल्यूशन ठेवलं व्हिजिटिंग कार्डाचं, अगदी बारीक. "माप म्हणजे माप!" काकांनी फाइल उघडायला लावली, आंघोळ केली, ड्युटीवर जाऊन आले, तरी ती उघडतच होती. शेवटी प्रेसवाला हात जोडून म्हणाला, "चाचाजी, एक बटा दस में बनाइए."

तेव्हापासून प्रेसवाल्याचं काही खरं नाही. छापताना काका बॅनरला नाक लावून उभे. "अरे बाप्पा, जोशीची भुवई फाटून राहिली, नुसते चौकोन दिसून राहिले! पुन्हा काढ."

त्यांचा दुसरा हट्ट म्हणजे गल्लीतल्या प्रत्येक घरातला एक चेहरा बॅनरवर हवा, तोही परातीएवढा. आमच्या गर्दीत गणपतीबाप्पा कोपऱ्यात अंग चोरून बसतो. आणि बॅनर लागणार तो काकांच्या क्वार्टरसमोर, पाण्याच्या टाकीच्या भिंतीवरच.

यंदा कमिटीने ठरवलं, बॅनर मेन गेटवर. काका म्हणाले, "मग मी नाही बनवत." सगळ्यांनी त्याला मिरवायची हौस म्हटलं. मीही म्हटलं. मी पडलो सेक्रेटरी, तेव्हा समजूत घालायला मलाच पाठवलं.

काकू बाल्कनीत बसल्या होत्या. त्यांची नजर अधू झाल्याचं मला ठाऊक होतं. किती, ते ठाऊक नव्हतं. माझ्या आवाजावरून त्यांनी ओळखलं.

"या सेक्रेटरी! मिशी आहे ना अजून? मागच्या बॅनरवर काय झोकदार होती!"

मिशी काढून मला सहा महिने झाले होते, आणि मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो.

"काढली, काकू."

"असं? बघते आता, नवा बॅनर लागला की."

आत गेलो, तर काका उगाच कॉम्प्युटरचा माऊस पुसत होते. मग हळूच म्हणाले, "समोर बसलेला माणूस दिसत नाही तिला. एवढा मोठा केला की दिसतो. वर्षभर त्याच्यावरच गप्पा करते, कोण वाळलं, कोण जाडावलं. आधीच तिला सारं धूसर, त्यात मी लावलेला फोटो फाटलेला कसा चालेल?"

 कमिटीला मी एवढंच सांगितलं, की बॅनर टाकीच्या भिंतीवरच लागेल. आणि शहरात न्यू मार्केटला जाऊन, स्टुडिओत बसून, स्वतःचा चांगला मोठा फोटो काढून घेतला.

चतुर्थीच्या सकाळी दोऱ्या बांधल्या गेल्या. बाल्कनीत काकू कठड्याला धरून उभ्या, मागे काका श्वास रोखून. काकूंची मान एकेका चेहऱ्यावरून सावकाश सरकत माझ्या फोटोपाशी थांबली.

"अहो सेक्रेटरी," त्या वरून ओरडल्या, "मिशीच बरी होती हो!"

अख्खी गल्ली हसली. काकांइतकं मात्र कोणीच हसलं नाही. मी त्याच दिवसापासून मिशी राखायला घेतली आहे.