रानपिंगळ्याचं स्मारक

एका सागाच्या जंगलात, बाळांनो, रानपिंगळा मेलेला होता. म्हणजे तो मेला असं ज्येष्ठांच्या समितीने ठरवलं होतं.

समितीचे अध्यक्ष होते धनेशआजोबा. जंगलातल्या पाखरांवरचं एकमेव पुस्तक त्यांनीच लिहिलेलं. त्यात होतं, 'रानपिंगळा : छोटं घुबड. रात्री हिंडत असे. आता नामशेष.' तेव्हापासून दरवर्षी त्याची पुण्यतिथी व्हायची. भाषणं व्हायची, म्हातारी पाखरं डोळे पुसायची. मग पंगत बसायची.

यंदा स्मारक बांधायचं ठरलं. लाकडासाठी ओढ्याकाठचा जुना साग पाडायचा होता.

त्याच सागाच्या ढोलीत एक रानपिंगळी राहायची. तिला तीन पिल्लं होती. नीट उडायला त्यांना अजून आठवडा हवा होता.

भर सकाळी ती सभेत येऊन बसली.

"आजोबा, तो साग पाडू नका. माझी पिल्लं आहेत त्यात."

"तू कोण गं?"

"रानपिंगळी."

सगळे सातभाई एकदम हसले. ते सगळं एकदमच करतात.

"रानपिंगळा नामशेष आहे, बाळ," धनेशआजोबा प्रेमाने म्हणाले. "शिवाय तो रात्रीचा पक्षी. तू उन्हात बसलीयस."

"आम्ही दिवसाच शिकार करतो. आत्ता सरडा खाऊन आले."

"पुस्तक तू लिहिलंस की मी? तू साधी ठिपकेदार पिंगळी असशील."

"त्यांचं डोकं ठिपक्यांनी भरलेलं असतं. माझं बघा ना! शेपटीचे पट्टे बघा. पायांवरची दाट पांढरी पिसं बघा."

"हल्लीच्या मुली काय वाटेल ते रंगवून घेतात," एक सातभाई म्हणाला. बाकीच्या सहांनी तेच म्हटलं.

कोपऱ्यात ठिपकेदार पिंगळेकाका पेंगत होते. त्यांनी एक डोळा उघडला. "नाही हो, ही आमच्यातली नाही."

"काका, तुम्ही झोपा," अध्यक्ष म्हणाले. "आणि मुली, मोठ्यांसमोर शेपटी काय उडवतेस?"

"आमची सवयच आहे ती."

"तशी नोंद नाही."

"आठवडाभर तरी थांबा!"

"पुण्यतिथी गुरुवारी आहे. ती पुढे ढकलून बिचाऱ्या रानपिंगळ्याचा अपमान करू?"

सुतारपक्ष्यांची टोळी कामाला लागली. रानपिंगळीने दोन पिल्लांना ढकलून खालच्या करवंदीच्या जाळीत उतरवलं. तिसरं घाबरून आतच बसलं. ती त्याला आणायला आत गेली आणि साग पडला.

पिल्लू तिच्या पंखाखालून जिवंत निघालं. ती नाही.

धनेशआजोबा आले. त्यांनी चष्मा लावला. तिचं डोकं पाहिलं. पट्टे मोजले. पाय उलटसुलट करून पाहिले. हळूहळू त्यांचे डोळे भरून आले.

"रानपिंगळाच! अगदी तंतोतंत! मी म्हणत नव्हतो, नामशेष आहे म्हणून?"

टाळ्या पडल्या. तिन्ही पिल्लं आईला हाका मारायला लागली.

"शूऽऽ!" सातभाई एकदम ओरडले. "श्रद्धांजली चाललीय!"

तात्पर्य : मोठ्यांना आपली ओळख पटावी असं वाटत असेल, तर मुलांनो, बोलू नका, हलू नका आणि जमलं तर श्वासही घेऊ नका. मग बघा, किती कौतुक होतं.