जगदाळेकाकांचा ब्लॉक

देवासचे जगदाळेकाका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसले, तर तुमच्या पानाकडे पाहून हळूच म्हणतील, "भिया, एका गुलाबजामसाठी अख्खी वाटी? पूरा ब्लॉक अडवला."

काका एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झाले. मी त्यांच्याच हाताखाली तयार झालो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एका अक्षराची फाइल बनवायला लावली आणि विचारलं, "जागा किती गेली?"

"एका अक्षराची."

ते खिन्न हसले. "डिस्क सुट्टी जागा देत नाही रे. ब्लॉकच देते. एक अक्षर लिही की हजार, ब्लॉक अख्खा तुझा. आणि ब्लॉक केवढा, ते आपण विचारायचं. आपणहून कोणी सांगत नाही."

पुढे मी धरमपुरीला आलो. घाटावर नर्मदेची पातळी मोजणारं एक यंत्र मी बसवलं. दर पाच मिनिटांनी ते एका ओळीची फाइल मेमरी कार्डावर लिहायचं. नाव सोडायची की नाही, हे नावाडी राधेश्यामभाऊ त्या आकड्यांवरून ठरवायचे.

अडीच वर्षांनी, ऐन श्रावणात, नदी फुगलेली असताना यंत्र म्हणालं, जागा शिल्लक नाही. मी सगळ्या फाइलींची बेरीज केली. आठ जीबीच्या कार्डावर जेमतेम सव्वीस एमबी! इकडे काठावर माणसं खोळंबलेली आणि राधेश्यामभाऊ विचारतायत, "भिया, पानी कितना चढ़ रहा है?"

जुने आकडे पुसून टाकावेत का, हे विचारायला मी काकांना फोन केला.

"नदीचा एक दिवससुद्धा पुसायचा नाही," ते म्हणाले. "हात लावू नकोस. येतो मी."

देवासहून निघून, इंदूरला बस बदलून ते दुपारी पोचले. पाणीही न घेता म्हणाले, "लिही. स्टॅट, डॅश एफ, पुढे कार्डाचा पत्ता."

पडद्यावर ब्लॉकचा आकार उमटला: बत्तीस हजार सातशे अडुसष्ट बाइट. काकांनी चष्मा काढला.

"कार्ड दुकानातून आणलं तसंच लावलंस? ब्लॉक केवढा, ते न विचारता?"

"हो," मी म्हणालो. शंभर बाइटांची माझी प्रत्येक ओळ बत्तीस हजारांची जागा अडवून बसली होती.

काकांनी बोटांवर गुणाकार केला. दिवसाच्या ओळी दोनशे अठ्ठ्याऐंशी. सगळ्या एका फाइलीत ठेवल्या तर एका ब्लॉकात मावतात. आधी त्यांनी सगळं माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं, ओळी मोजून ताडून पाहिल्या, दिवसादिवसाची एकेक फाइल केली आणि मगच कार्ड रिकामं करून परत भरलं. एकही ओळ हरवली नाही. अडीच वर्षांची नदी त्या माणसानं चार तासांत घडी घालून ठेवली होती.

यंत्रालाही दिवसाची एकच फाइल लिहायला लावलं आणि ते पुन्हा सुरू झालं. पहिल्या काही आकड्यांतच दिसलं की पाणी भराभर चढतंय. राधेश्यामभाऊंनी नाव बांधून टाकली आणि माणसांना परत पाठवलं.

काका मात्र घाटाच्या वरच्या पायरीवर बसून आकडे बघत होते.

"काका, इंदूरची शेवटची बस निघेल," मी म्हणालो. "घरी फोन करून सांगू का?"

"कोणाला?" आकड्यांवरची नजर न काढता ते म्हणाले. "कुलूप मीच लावून आलोय." मग पडद्याकडे बोट दाखवून, "पाच मिनिटांनी पुढचा आकडा येईल ना? तो बघू."

मी बसचा विषय सोडला आणि त्यांच्या शेजारी बसलो.