मंगळवारी नक्की

गुन्हा कबूल करून काय मिळतं आणि नाकारून काय मिळतं, या हिशेबावर सगळी न्यायव्यवस्था उभी आहे. सदरहू शिंप्यापुरता हिशेब असा: कबूल केला, तर समज देऊन सुटका, पण कोट आठवड्यात शिवून द्यावा लागणार. नाकारला, तर खटला चालणार आणि तो संपेपर्यंत कापड मुद्देमाल म्हणून न्यायालयाच्या कपाटात जप्त. म्हणजे जो कोट शिंपी आजवर स्वतःच्या हिमतीवर टाळत आला, तो शिवायला आता त्याला कायद्यानेच मनाई. (शिवणकलेच्या इतिहासात इतकी भक्कम सबब दुसऱ्या कुणाला लाभलेली नाही.)

फिर्यादी नवरदेव होता. कापड शिवायला टाकलं तेव्हा लग्न ठरायचं होतं. मग मुलगी ठरली, हॉल ठरला, आचारी ठरला. कोट तेवढा राहिला.

बाकावर शिंप्याची बायको बसली होती. ती सगळ्या दालनाला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाली, "अहो, कबूल करा आणि शिवून टाका एकदाचा! त्या पोराचं तोंड बघा जरा."

"तू गप्प बस गं," शिंपी म्हणाला. "इथे कायद्याचं काम चाललंय."

न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवला: विश्वासाने सोपवलेलं कापड अडकवून ठेवणे. मग विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

इथे घात झाला. शिंप्याने "नाही" हा शब्द रात्रभर घोकला होता. पण मध्ये लाकडी कठडा, पलीकडे वैतागलेला माणूस आणि विषय कपड्याचा. जिभेला वाटलं, आपण दुकानातच आहोत.

"मंगळवारी नक्की, साहेब."

लेखनिकाची बोटं हवेत थांबली. त्याच्याकडे कबूल आणि नाकबूल एवढीच सोय होती. न्यायाधीशांनी डायरी चाळली. मंगळवार खरोखरच मोकळा निघाला.

"मंगळवारी नक्की सांगणार?"

"अगदी. फक्त काजं-बटणं राहिलीत."

"ठीक. पुढची तारीख मंगळवार. तोवर कापड न्यायालयाच्या कपाटात." (साहेबांचा नवा काळा झगा याच शिंप्याकडे पडून होता. त्याचा या आदेशाशी काहीही संबंध नाही.)

"अहो साहेब, माझं लग्न सोमवारी आहे!" नवरदेव ओरडला.

न्यायाधीशांचा स्वर हळवा झाला. "अभिनंदन. मग मंगळवारी जोडीनेच या."

एकूण जमाखर्च असा: शिंप्याला मुदत मिळाली, न्यायालयाला तारीख मिळाली, कापडाला कुलूपबंद कपाट मिळालं. या सगळ्याची किंमत नवरदेवाने मोजली. तो थोरल्या, पण बुटक्या भावाच्या कोटात बोहल्यावर चढला. बाह्या मनगटापर्यंत पोचत नव्हत्या, म्हणून प्रत्येक फोटोत हात पाठीमागे.

बाकांवर मात्र हशा पिकला. तुम्हीही हसलात. हसा की. पण ते तुमचं शिवायला टाकलेलं, ते आणायला गेला होतात ना परवा? शिंपी म्हणाला, "मंगळवारी नक्की." आणि तुम्ही म्हणालात, "बरं."

कायद्याच्या भाषेत याला कबुली म्हणतात.