अर्थ कुणी पळवला?

“माझ्या हातून आजवर एकही गुन्हेगार निसटलेला नाही,” असं विद्याधर मोडक छातीवर हात ठेवून सांगत असे, आणि ते तंतोतंत खरं होतं. त्याच्या हाती आजवर एकही गुन्हेगार लागलेलाच नव्हता. दिवसभर तो सरकारी कारखान्याच्या अर्थखात्यात बेरजा करी आणि संध्याकाळी मल्लेश्वरममधल्या घरी परतला की दिसेल त्याच्यावर संशय घेऊ लागे. सुलभा, म्हणजे त्याची बायको, हे सगळं सोसत होती. माणूस मनाने चांगला होता, आणि सारखा कुणाच्या ना कुणाच्या मागावर असल्यामुळे स्वयंपाकघरात लुडबुडत नसे.

सध्या मात्र तिचा जीव परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये अडकला होता. दसऱ्याला तिथे तिचा शिवणवर्ग सुरू व्हायचा होता. लग्नाआधीपासून तिने मनात धरलेली एवढी एकच गोष्ट होती. गल्लीतल्या मुलींची नावंही येऊन पडली होती. निपाणीकडच्या कल्लाप्पा वायरमनने घरातल्या मेन स्विचपासून शेडपर्यंत वायर ओढून दिवा आणि इस्त्रीचा प्लग दिला होता. शेडमागे खड्डा खणून त्याने पाइप पुरला, त्यात कोळसा-मीठ भरलं आणि पत्र्यापासून तिथवर तांब्याची तार नेली. मीठ सुलभाच्याच बरणीतलं होतं, त्यामुळे खड्डा तिच्या चांगला लक्षात होता.

रविवारी फ्यूज दोनदा उडाला. विद्याधरने दोन्ही वेळा फ्यूजची तार बदलली. दुसऱ्या दिवशी फ्यूज उडायचा थांबला, तेव्हा त्याने स्वतःची पाठ थोपटून घेतली. पण त्याच सकाळी धुण्याभांड्याला आलेली तानूबाई शेडच्या दाराला हात लावून किंचाळली.

“अय्यो अक्का, दार चावलं मला! आत भूत हाय. मी न्हाई यायची आता!”

ती गेली ती गेलीच, आणि दार चावतं ही बातमी तिच्याआधी गल्लीच्या टोकाला पोचली. संध्याकाळपर्यंत दोन आयांनी आपल्या मुलींची नावं काढून घेतली. सुलभाने ती यादीतून खोडली.

विद्याधरचा चेहरा मात्र उजळला. कारखान्यातून आल्या आल्या, पायातले रबरी बूटही न काढता, तो शेडपाशी गेला आणि दाराला बोट लावून उभा राहिला. काही झालं नाही.

“स्पष्ट आहे,” तो म्हणाला. “हे दार पुरुषांना चावत नाही, फक्त बायकांना चावतं. म्हणजे गुन्हेगार स्त्रीद्वेष्टा आहे. या गल्लीत बिनलग्नाचं कोण?”

“शेजारचे भगवंतराव. पण ते रोज तुमच्या आईंना पूजेला फुलं देतात.”

“तेच म्हणतो मी! आधी फुलं, मग शॉक.”

“अहो, तानूबाई अनवाणी होती. तुमच्या पायात रबरी बूट आहेत.”

“बूट विषयाला धरून नाहीत,” विद्याधर म्हणाला आणि कुंपणावरून भगवंतरावांकडे रोखून पाहू लागला. भगवंतरावांनी बिचाऱ्यांनी त्याला चार जास्वंदी दिल्या.

सुलभाने कल्लाप्पाला निरोप धाडला. सकाळी ती भाजीला गेली असताना तो येऊन गेला. ती परतली तर फाटकाला हे भलं मोठं कुलूप, आणि आत विद्याधर काठी घेऊन पहाऱ्याला उभा!

“हे काय? उघडा ना!”

“शक्य नाही. प्रकरण चोरीवर गेलंय. कल्लाप्पा स्वतः सांगून गेला, ‘सायेब, अर्थ कुनीतरी काढून नेलाय. अर्थ नसला की जीवाला धोका. मेन बंद करा, मी सामान घेऊन येतो.’ अर्थ, म्हणजे द्रव्य! या घरात काहीतरी पुरलेलं होतं, ते भगवंतरावांनी उपसून नेलं. आणि मेन गेट मी तत्काळ बंद केलं.”

सुलभाच्या हातातली पिशवी गळून पडली.

“अहो, अर्थ म्हणजे पैसा नव्हे! इंग्रजीतला अर्थ, खड्ड्यातली तार! जमिनीत जाते ती! कुठाय ती?”

ती फाटकावरून परसात डोकावली. तानूबाई येत नसल्यामुळे अंबुबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, स्वतःच धुणं धुतलं होतं. शेडच्या पत्र्यापासून शेवग्यापर्यंत तांब्याची एक तार ताठ बांधलेली होती, आणि तिच्याकडे ओलंचिंब नऊवारी खांद्यावर घेऊन सासूबाई अनवाणी निघाल्या होत्या.

“आई! तारेला हात लावू नका! थांबा!”

“स्वल्प थांब गं, एवढं वाळत घालते.”

विद्याधर खिशात किल्ली चाचपू लागला.

“कुलूप राहू दे!” सुलभा ओरडली. जन्मात ती नवऱ्यावर अशी ओरडली नव्हती. “घरात जा! भिंतीवरचा खटका खाली ओढा! तो मेन!”

विद्याधर धावला. बूट, काठी, अब्रू, सगळं वाटेत टाकून धावला. आत खाडकन आवाज झाला, घरातला रेडिओ गप्प झाला आणि त्याच क्षणी अंबुबाईंनी नऊवारी तारेवर टाकलं.

“काय आरडाओरडा हा?” त्या म्हणाल्या. “नवी कोरी तांब्याची तार मातीत पुरून ठेवली होती मेल्याने. तांबं कुणी पुरतं का? रविवारी दिवे गेले होते तेव्हा एक हिसका दिला, खालचं टोक निघालं. दोरी कुजलीच होती आपली.”

विद्याधरने येऊन कुलूप उघडलं. सुलभा तडक शेडमध्ये शिरली. वायरीच्या लाकडी पट्टीवर एक पाटी लटकत होती: ‘विद्याधर मोडक, गुप्त अन्वेषक. चौकशी येथे करावी.’

“ही कधी लावलीत?”

“रविवारी. अडीच इंची खिळा ठोकून. पार पत्र्यापर्यंत गेला.”

“आणि फ्यूज कधी उडाला?”

“रविवारी,” असं म्हणता म्हणता त्याचा आवाज विरला. खिळ्याने वायर फोडून वीज पत्र्यात सोडली होती. तार होती तोवर ती मातीत जाऊन फ्यूज उडवत होती. तार गेल्यावर पत्र्यातच दबा धरून बसली.

तो बाहेर येऊन पायरीवर बसला. आईकडे त्याला बघवेना.

“मी आईला मारलं असतं, सुलभा,” तो म्हणाला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

कल्लाप्पाने खिळा उपटला, वायर बदलली, तार परत पाइपाला आवळली. दसऱ्याला झेंडूची माळ घातलेलं मशीन आत सज्ज होतं. पण मुली परसातच घोळका करून उभ्या राहिल्या. चावणाऱ्या दाराच्या जवळ जायला एकही तयार होईना. सुलभा उंबऱ्यात उभी होती आणि तिला रडू फुटायच्या बेतात होतं.

विद्याधरने ते पाहिलं. त्याने बूट काढले, मोजे काढले. बादलीतलं पाणी पायांवर ओतून घेतलं, डोळे गच्च मिटले आणि दोन्ही तळहात दाराच्या पत्र्यावर ठेवले.

एकेक मुलगी त्याच्या बगलेखालून आत गेली. मशीनची टकटक सुरू झाली, तरी तो तसाच उभा.

शेवटची परकरातली पोर थबकली. “अण्णा, चिकटलात काय?”

“नाही गं,” डोळे न उघडता विद्याधर म्हणाला. “तू आत जा. मी खात्री करतोय.”