आप्पासाहेबांचा दुश्मन

आमच्या भागात एका थोर लेखकाचं शेतातलं घर आहे, भोवती बाग आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सगळं फिरून दाखवायला त्या लेखकाचा दुश्मन आहे. अशी सोय जगात आणखी कुठं असेल तर मला सांगा, मी शेलूबाजारच्या चौकातलं माझं चहाचं हॉटेल बंद करून पाहायला येतो.

पुण्याकडची, नागपूरकडची मंडळी गाडीतून उतरतात, चहा घेतात आणि देवळाचा रस्ता विचारावा तशा आवाजात विचारतात, "आप्पासाहेबांचं घर कोणत्या बाजूला?" मी शटर अर्धं ओढतो आणि त्यांच्याच गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसतो. पुढं जे होणार असतं ते चुकवणं मला परवडत नाही.

फाटकावर शेषरावभाऊ उभे असतात. ताडमाड उंच, डोक्याला दुपट्टा, कमरेच्या करदोड्याला घराची चावी. आवाज असा, की त्यांनी इथं बैलाला 'हो' म्हटलं की तिकडं शिरपूर जैनचे बैल थांबतात. मी वाढवून सांगतोय असं समजू नका. आमच्या जमिनीत सोयाबीन, तूर आणि हरभरा पिकतो, अतिशयोक्ती पिकत नाही.

मंडळी हात जोडतात. शेषरावभाऊ विचारतात, "पुस्तकं वाचून आले का त्याचे?" माना डोलतात. "मंग इसरा. मी सांगतो ते लिवून घ्या."

'लिवून घ्या' हा त्यांचा तकियाकलाम. आप्पासाहेबांनी जन्मभर स्वतःच लिहिलं म्हणून राहिलेलं खरं आता दुसऱ्यांनी लिहावं, असा त्याचा अर्थ.

बाग सुरू होते. "हा सोनचाफा त्यानं लावला, जगवला मी. तो गुलाब मी लावला, मारला त्यानं. झाडाशी बोलत बसे. काळ्या मातीतलं झाड ते, त्याले पानी पायजे का भाषन पायजे? लिवून घ्या." मग घर. लिहिण्याच्या टेबलासमोरच्या खिडकीतून दूरवर शेत दिसतं. ती पाहून प्रत्येक खेपेला एखाद्या ताईंचे डोळे भरून येतात. इथूनच त्यांना क्षितिज खुणावत असेल, असं काहीतरी त्या बोलतात. शेषरावभाऊ त्यांना पूर्ण बोलू देतात आणि मग म्हणतात, "खिडकी तिकडे काहून ठेवली, मालूम हाय? तिकडे मायं वावर हाय. मी धुरा कोरतो का, हे पाहाले."

दोन शेतांच्या मधल्या गवताच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. तो हळूच खणून शेजाऱ्याच्या बाजूला सरकवणं म्हणजे धुरा कोरणं. वऱ्हाडात माणसाला पोहता आलं नाही तर चालतं, धुरा कोरता आला पाहिजे. आप्पासाहेब नोकरी संपवून पुण्याहून गावी परतले आणि पहिल्याच वर्षी, पेरणीच्या आधी, कुदळ घेऊन हातभर धुरा कोरून मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी शेषरावभाऊंनी तो परत मागं ढकलला. मग जे भांडण जुंपलं, ते ऐकायला केनवडहून जीप भरभरून लोक आले होते, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. तेव्हापासून हे दर वर्षी ठरलेलं. नांगरटी झाली, वखरपाळी झाली, की भांडण. ते झाल्याशिवाय आमच्याकडे कुणी पेरणीला हात घालत नसे.

भांडून दोघांचेही घसे बसायचे. मग ओसरीतल्या बंगईवर, म्हणजे लाकडी झोपाळ्यावर, एका कडेला आप्पासाहेब आणि दुसऱ्या कडेला शेषरावभाऊ, मध्ये चहाचे कप. बोलायला आवाजच नसल्यामुळे चहा मोठ्या शांततेत व्हायचा.

त्या बंगईवर शेषरावभाऊ आता कुणाला बसू देत नाहीत. "मोडकी हाय," म्हणतात. फळी अशी सागवानी, की तिच्यावर हत्ती बाळंत व्हावा.

दुश्मनीचं खरं मूळ मात्र पुस्तकात आहे. आप्पासाहेबांच्या सर्वांत गाजलेल्या कथेत एक भांडखोर, चिक्कू, मिशाळ शेजारी आहे. पाहुण्यांपैकी कुणीतरी चाचरत विचारतंच, "तो शेजारी म्हणजे...?"

"मीच," शेषरावभाऊ छाती काढून म्हणतात. "पन मले मिशा कुठी हायेत? त्यानं लावल्या. अन् आखरीच्या पानावर मले मारून टाकलं. मारलं कोनाले अन् गेलं कोन? लिवून घ्या."

एवढं बोलून ते खिडकीकडं तोंड फिरवतात, आणि पाहुणे हसावं की नाही या विचारात पडतात. मग सगळे त्यांच्याबरोबर फोटो काढतात. फोटोत ते नसलेल्या मिशीला पीळ देतात.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना आप्पासाहेबांचा मुलगा श्रीकांत पुण्याहून आला. पोरगा सालस. वडिलांची बाग जपावी, गुरं शिरू नयेत, म्हणून चारी बाजूंनी तारेचं कुंपण घालायचं त्यानं ठरवलं. कुंपण घालायचं तर हद्द पक्की हवी, म्हणून त्यानं सरकारी मोजणी मागवली.

हे ऐकल्यावर शेषरावभाऊंचं अन्न तुटलं. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मला येऊन म्हणाल्या, भाकरी ताटातच राहते, भांडण काढावं तर तेही करत नाहीत. मी भेटायला गेलो. धुऱ्यावर आंब्याखाली बसले होते. मी विचारलं, कुंपणानं तुमचं काय जातं? म्हणाले, "तार आली का धुरा मेला. मोजनी नाई होऊ देत मी."

आता खरं सांगतो, मला आतून गुदगुल्या झाल्या. मला काय, अख्ख्या गावाला एकच शंका. आप्पासाहेब गेल्यापासून तिकडच्या बाजूनं कुदळ चालवणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणजे ह्या बहाद्दरानं रान मोकळं पाहून किती आत मुसंडी मारली असेल? मोजणीत सगळं उघडं पडणार, म्हणून हा भाकरी सोडून बसलाय.

मोजणीच्या दिवशी मी हॉटेल बंद ठेवलं. गाव असं लोटलं होतं, की एखाद्यानं तिथं भज्यांची कढई टाकली असती तर वर्षाची बेगमी झाली असती. ते मला सुचलं नाही याचं दुःख अजून आहे. मोजणीवाल्या साहेबांनी तीन पायांवर यंत्र उभं केलं, नकाशा उघडला, माणसं इकडून तिकडं पळवली आणि हद्दीची खुंटी ठोकायला सांगितली.

खुंटी शेषरावभाऊंच्या तुरीत पडेल म्हणून आम्ही सगळे तिकडं माना लांब करून उभे. ती पडली आमच्या मागं. बागेत. मोगऱ्याच्याही आत, घराच्या अंगाला.

साहेबांनी पुन्हा मोजलं. पुन्हा तिथंच. म्हणजे धुरा सरकला होता तो शेषरावभाऊंच्याच वावरात. आणि धुऱ्याच्या कडेची ती मोगऱ्याची रांग, जिच्यातली फुलं पुण्याच्या ताया आप्पासाहेबांची आठवण म्हणून रुमालात बांधून नेतात, ती उभी होती शेषरावभाऊंच्या जमिनीवर.

श्रीकांतचा चेहरा उतरला. तो शेषरावभाऊंपुढं जाऊन हात जोडून म्हणाला, "काका, बाबांनी एवढी जमीन कोरली, मला खरंच माहीत नव्हतं. मी तुमची तुम्हाला परत—"

"तुया बापाले चोर म्हनतं का बे?" शेषरावभाऊ गरजले. मग आवाज एकदम खाली आला. इतका खाली, की शेजारी उभं असून मला कान द्यावा लागला. "तो हातभराच्या वर कधी गेलाच नाई. हे मी कोरलं."

"तुमी? सोताच्याच वावरात?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"पेरनीच्या आधी त्याचं हातभर कोरनं राह्यते ना रे. तो आता येनार हाय का? त्याच्या वाटचं मी कोरतो. मंग दुसऱ्या दिवशी मागं ढकलाले उभा राह्यतो, तं..." त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "समोर कोनी नाई. भांडू कोनाशी? जीव होत नाई. तसाच घरी जातो. जागा रिकामी दिसे, म्हून मोगरा लावला."

गावातलं कुणी हसलं नाही. मोजणीवाल्या साहेबांनी यंत्राच्या काचेतून बराच वेळ आभाळाकडं पाहिलं, आणि तिकडं मोजण्यासारखं काहीही नव्हतं.

कुंपण झालं नाही. श्रीकांत पुण्याला गेला.

यंदा वखरपाळी आटोपल्यावर मी नागपूरच्या मंडळींना घेऊन बागेत गेलो, तर धुऱ्यावर श्रीकांत. बुटांवर ढेकळं, हातात कुदळ. जिथं घाव घालायचा तिथं सोडून बाकी सगळीकडं घाव बसत होते. तेवढ्यात पलीकडच्या वावरातून ती गर्जना आली. चोरट्या काय, बापावर गेला काय, पुण्यात हेच शिकवते का काय. पाहुणे घाबरून गाडीकडं निघाले. मी म्हटलं, थांबा, घर पाहायला आलात ना, मग हेच पाहा. शेषरावभाऊंनी फावड्यानं सगळी माती परत मागं ढकलली. श्रीकांतनं चांगला जबाब दिला. शब्द पुणेरी होते, पण घसा त्यानं मन लावून ताणला.

मग दोघे ओसरीत आले. शेषरावभाऊ बंगईच्या आपल्या कडेला बसले. उभ्या राहिलेल्या श्रीकांतला बसलेल्या घशानं म्हणाले, "बस तिकडच्या आंगाले." आणि दोघांच्या मध्ये फळीवर त्यांनी बोटानं रेघ ओढली. "हा धुरा. याच्या इकडे येऊ नको."

चहा आला. बंगई हलत होती. कप उचलताना श्रीकांत हातभर अलीकडं सरकला. शेषरावभाऊंनी ते पाहिलं, आणि थोडं पलीकडं सरकून त्याला जागा करून दिली.